नर्सला कळवलं

९ जानेवारी, गुरुवार

चौथ्या केसचा निकाल आला. नापास नाही, पण परत पाठवली आहे. पुन्हा लिहायची.

प्रश्न असा होता: ऐंशी वर्षांची बाई, पाय सुजलेले, आडवं झालं की धाप लागते. काय कराल? मी सगळं लिहिलं होतं. उशा लावून बसतं करीन, वजन करीन, श्वास मोजीन, घोट्याजवळ अंगठा दाबून खड्डा किती वेळ राहतो ते बघीन, गोळ्यांची डबी तपासीन. आणि शेवटी: नर्सला कळवीन.

हेन्ना, आमची शिक्षिका, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान आहे आणि मी तिला आजवर तीनदाच प्रत्यक्ष भेटलोय. तिने समासात लिहिलंय, "कोस्ती, निरीक्षण उत्तम. वर्गात इतकं बारीक कोणीच लिहिलेलं नाही. पण इथे नर्स तूच आहेस. मग तू कोणाला कळवतोयस?"

आधीच्या तिन्ही केस काढून पाहिल्या. तिन्हींचा शेवट तोच. बावीस वर्षं मी सहायक नर्स आहे. बघायचं, उचलायचं, धुवायचं, भरवायचं आम्ही. ठरवायचं नोंदणीकृत नर्सने. वाक्य हातातच बसलंय. पेन कागदाला टेकलं की आपणहून उमटतं.

नोंदणीकृत व्हायला घरबसल्या शिकतोय त्याला अडीच वर्षं होतील. एक वर्षाची मुदतवाढ आधीच घेऊन झाली आहे. आता एकतीस मे. त्या दिवशी काही बाकी राहिलं तर नाव कमी होईल आणि मी होतो तिथेच राहीन.

केस पुन्हा लिहायला बसलो आणि उठलो. त्या बाईचे पाय कसे दिसतात हे मला जरा जास्तच ठाऊक आहे.

१२ जानेवारी, रविवार

काल दिवसभर बर्फ पडला. सकाळच्या पाळीहून परत आलो तर अंगण साफ. केइयोचा बर्फ सारायचा ठेका फक्त गावच्या रस्त्यापुरता आहे, पण या हिवाळ्यात तो ट्रॅक्टर आत घालतो आणि थेट सौनाच्या, म्हणजे आमच्या वाफेच्या न्हाणीघराच्या, दारापर्यंत वाट करून ठेवतो. मी नेमका कामावर असताना येतो, म्हणून आभार मानायचे राहून जातात. आज फाटकाच्या खांबाला पिशवी अडकवली. कॉफीचा एक पुडा आणि चिठ्ठी: "केइयोला. मनापासून आभार. कोस्ती."

आईचं करंटच्या आंबट बोरांचं झुडूप अंगणाच्या मधोमध बर्फाखाली पुरलं गेलंय. वरून काहीच दिसत नाही. तरी ट्रॅक्टरच्या पात्याने बरोबर तिथे वळसा घेतलाय. माणूस कामाचा पक्का.

२३ जानेवारी, गुरुवार

आज पडद्यावर वर्ग. बावीस जण, बहुतेकांचे चौकोन काळे, नुसती नावं. हेन्नाने शेवटचं मोठं काम सांगितलं. एका प्रौढ माणसाची डोक्यापासून पायापर्यंत तपासणी करायची आणि त्याचा सलग व्हिडिओ द्यायचा. मधे कापलेला चालणार नाही. प्रत्येक अवयवानंतर काय आढळलं ते मोठ्याने सांगायचं. शेवटी निष्कर्ष आणि पुढील कृती. माणूस आपल्या कामावरचा रुग्ण नको आणि आरोग्यसेवेतला नको. तारीख एकतीस मार्च.

"घरातलंच कोणीतरी घ्या," हेन्ना म्हणाली. "नवरा, बायको, मोठी मुलं. त्यांनाही मजा येते."

कोणीतरी म्हणालं, "माझ्या नवऱ्याला गुदगुल्या होतात, त्याला नापास केलं तर चालेल का?" सगळे हसले. मीही हसलो, पण माझा आवाज बंद होता.

वर्ग संपला की एकेक चौकोन विझत जातो. शेवटी माझा एकट्याचा राहतो आणि पडद्यावर मीच माझ्याकडे बघत असतो. आज त्याला म्हणालो, "मग? तुझं काय?"

६ फेब्रुवारी, गुरुवार

मार्युत माझ्याच पाळीवर असते. वृद्धनिवासात माझ्याइतकी जुनी तीच. आरोग्यसेवेतली आहे म्हणून ती चालणार नाही, हे सांगितल्यावर तिचा जीव भांड्यात पडला.

"बरं झालं. माझं पोट तू कॅमेऱ्यावर दाबणार आणि ते शहरातली पोरगी बघणार! त्यापेक्षा मी राजीनामा देते."

"तुझा नवरा देईल का?"

"तो डॉक्टरसमोर शर्ट काढत नाही. लग्नाच्या रात्री काढला, त्यालाही आता तीस वर्षं झाली."

हेल्वी आजी खुर्चीत बसून हे ऐकत होत्या. वय अठ्ठ्याऐंशी, आयुष्यभर गावच्या शाळेत शिकवलं. म्हणाल्या, "तुला भाऊ आहे ना, कोस्ती? दोघंही माझ्या वर्गात होतात. तो तुझं दप्तर उचलायचा."

"आहे."

"मग?"

मी त्यांचं ब्लँकेट सारखं केलं. मार्युत खिडकीबाहेर बघू लागली. गावात सगळ्यांना माहीत आहे.

११ फेब्रुवारी, मंगळवार

दुकानात केइयो भेटला. पहिल्यांदा अंगणाबद्दल आभार मानावे म्हटलं, पण मागे रांग होती आणि मूळ काम अवघड होतं, तेच आधी काढलं.

"शर्ट काढून? कॅमेऱ्यासमोर?" त्याने आजूबाजूला पाहिलं. "कोस्ती, तू भला माणूस आहेस. पण माझ्या पोटावर लोकांनी अभ्यास करावा असं काही नाही तिथे."

दुकानदार येस्से गल्ल्यामागून हसत होता. केइयो गेल्यावर मला म्हणाला, "पाउलीला विचार की. हल्ली येतो तेव्हा बाहेरच्या पायरीवर बराच वेळ बसून असतो. वेळ आहे त्याच्याकडे."

पाउली माझा मोठा भाऊ. तो पायरीवर का बसतो ते मला ठाऊक आहे. माझी गाडी उभी दिसली की मी बाहेर पडेपर्यंत तो आत येत नाही. आज मी मुद्दाम लवकर आटपलं. पण पायरीवर कोणी नव्हतं.

१६ फेब्रुवारी, रविवार

फादर इवारी महिन्यातून एकदा येतात. आज आमच्या लाकडी प्रार्थनाघरात एकवीस माणसं होती. पाउली नेहमीसारखा डाव्या भिंतीशी, मी उजव्या. आमच्या ऑर्थोडॉक्स पंथात उपासना उभं राहून ऐकतात. बाक असतो तो म्हाताऱ्यांसाठी. आज पाउली अर्ध्यातच बाकावर बसला आणि शेवटपर्यंत उठला नाही. शुभवर्तमान वाचतानाही नाही. त्रेपन्न वर्षांचा माणूस. आई असती तर एका नजरेत उभा केला असता. मला वाईट वाटलं. माझ्यावरचा राग तो आता देवावर काढायला लागला की काय.

घरी येऊन कोपऱ्यातल्या संत पांतेलेइमोनपुढे दिवा लावला. हे चित्र आईचं. त्याच्या हातात औषधाची पेटी आणि लांब दांड्याचा चमचा आहे. लहानपणी मला वाटायचं तो लापशी देतोय.

पाउलीबद्दल प्रार्थना केली. पण तीही जरा तक्रारीसारखी झाली.

२० फेब्रुवारी, गुरुवार

पुन्हा बर्फ, पुन्हा अंगण साफ. दुसरी पिशवी लावली, दुसरी चिठ्ठी. या वेळी राय धान्याच्या पिठाच्या, भात भरलेल्या पुऱ्याही ठेवल्या, आईच्या पद्धतीने कडेला चुण्या घालून. एका माणसासाठी करायच्या तर पीठ मळायलाही लाज वाटते; कोणीतरी खाणार म्हणून बरं वाटलं.

चौथी केस पुन्हा लिहून पाठवली. "नर्सला कळवीन" खोडून "डॉक्टरांना कळवीन" लिहिलं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

हेन्नाचं उत्तर: "कोस्ती. कळवण्याआधी तू काय ठरवलंस? आणि कळवल्यानंतर तू कुठे आहेस?"

खरं तेच लिहितो, इथे कोण वाचणार आहे. तीन वर्षांपूर्वीच्या शरदात आईचे पाय सुजले. मी तिच्याबरोबर राहत होतो, पाउली दूर उत्तरेला लॅपलँडच्या जंगलात लाकूडतोडीच्या यंत्रावर होता. शुक्रवारी दुपारी मी घरी येणाऱ्या नर्सला फोन केला, तो उचलला गेला नाही, म्हणून निरोप ठेवला. नीट, सगळ्या आकड्यांसकट. मग आईला उशा लावून बसवलं. शनिवारी बसवलं. रविवारी बसवलं. सोमवारी सकाळी नर्सचा फोन आला तेव्हा आईला जाऊन एक तास झाला होता.

अंत्यविधीनंतरच्या कॉफीला पाउलीने विचारलं, "तू काय केलंस?" मी म्हणालो, "नर्सला कळवलं." तो म्हणाला, "बरं." तेव्हापासून आम्ही बोललेलो नाही. म्हणजे वर्षातून एकदा बोलतो, तेही चर्चने ठरवून दिलेलं.

२ मार्च, रविवार

आज क्षमेचा रविवार. उद्यापासून ईस्टरआधीचा मोठा उपवास. उपासना संपली की सगळे ओळीने एकमेकांसमोर येतात, वाकतात, म्हणतात, "माझं चुकलं असेल तर माफ कर." समोरचा म्हणतो, "देव माफ करो, मीही करतो." गेली तीन वर्षं पाउली आणि मी हे म्हटलंय. ओळ पुढे सरकते, माणूसही सरकतो.

आज तो समोर आला. चेहरा राखाडी दिसला. उपासनेत पुन्हा बसूनच होता. मी वाकलो, म्हटलं, "माफ कर."

"देव माफ करो. मीही करतो." आणि तो सरकायला लागला.

मी म्हणालो, "आणि एक काम आहे."

मागे केइयोची बायको ओळीत होती, ती थबकली. पाउलीने माझ्याकडे पाहिलं. म्हणाला, "इथे?"

"बाहेर."

बाहेर लाकडांच्या ढिगाशी सांगितलं. माणूस हवाय, तपासायला, अभ्यासासाठी. दुसरं कोणी नाही. हे शेवटचं बोलायला नको होतं, पण बोललो.

"किती वेळ?"

"चाळीस मिनिटं."

"शर्ट काढायचा?"

"हो."

त्याने बुटाने बर्फ उकरला. "बावीसला शनिवार आहे. सौना तापवून ठेव. तुझ्याकडचा आईच्या वेळचा स्टोव्ह चांगला आहे."

"तपासणी आधी. सौनाने नाडी बदलते."

"बघा, बोलायलाही लागला नर्ससारखं," तो म्हणाला, आणि गेला. गाडीपर्यंत जाताना दोनदा थांबला. मागे वळून बघेल असं वाटलं म्हणून मी हात वर केला, पण त्याने वळून पाहिलं नाही.

१३ मार्च, गुरुवार

कामावरून घरी, घरून कामावर. उपवास चालू आहे. ओट्स, बटाटे, मशरूम. संध्याकाळी खुर्चीवर कोट टांगून त्याची तपासणी करतो. "आता मी तुमच्या मानेला हात लावतो." कोट चांगला रुग्ण आहे.

तिसरी पिशवी परवा लावली होती. तीही गेली.

२३ मार्च, रविवार

कालचं लिहितो. नीट क्रमाने लिहायला हवं.

पाउली बरोबर दहाला आला, ट्रॅक्टरवर. पातं पुढे लावलेलंच होतं आणि त्यावर ताजा बर्फ. इतक्या सकाळी कुठे सारून आला असेल कोण जाणे. दारात उभा राहून खोलीभर बघितलं. संत पांतेलेइमोनपाशी वाकून क्रूस केला. मग स्टुलावर बसला आणि शर्ट काढला.

ही पाठ मी घासलेली आहे, सौनात, दर शनिवारी, तो अठरा वर्षांचा होऊन घर सोडेपर्यंत. आता तिच्यावर पांढरे केस होते.

लॅपटॉप सुरू केला.

"नाव सांगा."

"तुला माहीत नाही?"

"कॅमेऱ्यासाठी."

"पाउली सिस्सोनेन. जन्म याच घरात, त्या दारामागच्या खोलीत. हा बोलतोय त्याच्या चार वर्षं आधी."

"कुठे काही त्रास होतो का?"

"विचारतंय कोण? नर्स की तू?"

"नर्स."

"मग नाही."

डोकं, डोळे, घसा, मान झालं. मी सगळं मोठ्याने सांगत होतो, कोटाला सांगायचो तसं. मग मनगटावर बोटं ठेवली.

ठोके ओळीत नव्हते. दोन जवळजवळ, मग एक लांब, मग तीन घाईने. पूर्ण मिनिट मोजले. एकशे अडतीस. पुन्हा मोजले. मग पाठीला स्टेथोस्कोप लावला. दोन्ही बाजूंना अगदी तळाशी, ओल्या बर्फावर पाऊल पडावं तसा आवाज.

मी कानातून नळ्या काढल्या आणि म्हणालो, "आणि मी विचारलं तर?"

तो भिंतीकडे बघत होता. "आडवं झालं की दम लागतो. खुर्चीत झोपतो. नाताळापासून."

मी कॅमेऱ्याकडे वळलो. मोठ्याने सांगायचं असतं ना. म्हणालो, "आढळलं ते असं. नाडी जलद आणि अनियमित. फुप्फुसांत तळाशी पाणी. नर्सला…"

आणि थांबलो. स्वयंपाकघरात पाउली, मी आणि तो लॅपटॉप. आणखी कोणी नव्हतं.

पाउली म्हणाला, "आईचंही असंच वाजत होतं?"

"हो."

"तेव्हा तू शुक्रवारी फोन केलास."

"केला. निरोप ठेवला."

"आणि सोमवारपर्यंत थांबलास."

"थांबलो," मी म्हणालो. हे मी कोणालाच म्हटलं नव्हतं. फादर इवारींनाही नाही. त्यांना मी फक्त म्हणालो होतो की दुःख होतंय. "तेव्हाच उचलून न्यायला हवं होतं. मला दिसत होतं, पाउली. दिसत असूनही मी थांबलो."

त्याची छाती भरभर वरखाली होत होती.

"शर्ट घाल. निघायचंय."

"कुठे? सौना तापलीय."

"योएन्सूला. इस्पितळात."

"सोमवारी जाऊ की."

"आत्ता."

मी आपत्कालीन क्रमांकावर फोन केला. वय, नाडी, श्वास, रक्तदाब, किती दिवसांपासून, सगळं सांगितलं. पलीकडच्या बाईने विचारलं, "तुम्ही नर्स आहात का?" मी म्हणालो, "शिकतोय. पण सांगतोय ते बरोबर आहे." रुग्णवाहिका पाऊण तासावर होती. मी म्हटलं, मी त्याला गाडीत बसवून तुमच्या दिशेने आणतो, चर्चपाशी चौरस्त्यावर भेटू. तिने क्षणभर विचार केला आणि हो म्हणाली.

रस्त्यात पाउली सीट सरळ करून बसला होता. पुलावर म्हणाला, "व्हिडिओचं काय?"

"मरू दे व्हिडिओ."

"चाळीस मिनिटं म्हणाला होतास. वीसच झाली."

चौरस्त्यावर त्यांनी त्याला घेतलं. मी मागोमाग गेलो. संध्याकाळपर्यंत बसलो, मग त्यांनी घरी जायला सांगितलं. हृदयाची लय बिघडली आहे, पाणी काढताहेत, आणखी आठवडाभर काढला असता तर सांगता आलं नसतं, असं डॉक्टर म्हणाला.

घरी आलो तर लॅपटॉप चार्जिंग संपून बंद पडला होता आणि सौना थंड.

२४ मार्च, सोमवार

सकाळपर्यंत गुडघाभर बर्फ, मार्चअखेरचा, जड आणि ओला. कामावरून आलो तर अंगण तसंच. केइयो आजारी असावा. स्वतः फावडं घेतलं. दोन तास लागले. मधोमध कुठेतरी फावडं आईच्या झुडपावर बसलं आणि दोन फांद्या कडाड मोडल्या. इतकी वर्षं या अंगणात राहून मला ते झुडूप नेमकं कुठे आहे ते सापडलं नाही. केइयोला कसं सापडायचं देव जाणे.

२५ मार्च, मंगळवार

पाउलीचे कपडे आणि दाढीचं सामान आणायला त्याच्या घरी गेलो. तळ्याच्या खाडीपलीकडे, रस्त्याने तीन किलोमीटर. तीन वर्षांत पहिल्यांदा.

स्वयंपाकघरात खिडकीशी एक खुर्ची, तिच्यात उशी आणि घोंगडी. टेबलावर कॉफीचा उघडा पुडा. टेबलावरच्या भिंतीला, जिथे लोक कॅलेंडर लावतात, तिथे एकाखाली एक तीन चिठ्ठ्या टाचलेल्या होत्या. अक्षर माझं.

केइयोला. मनापासून आभार. कोस्ती.

मी त्या खुर्चीत बसलो. खिडकीतून खाडी दिसते, आणि पलीकडे माझं छप्पर, धुराडं, आणि माझी गाडी उभी असते ती जागा. गाडी आहे की नाही ते इथून स्पष्ट कळतं.

किती वेळ बसलो ते लिहीत नाही. दाढीचं सामान विसरून निघालो होतो, परत जाऊन आणलं.

२६ मार्च, बुधवार

इस्पितळात. त्याला नळ्या लावलेल्या होत्या, पण चेहऱ्याला रंग आला होता. दाढीचं सामान दिलं. आम्ही दोघं बराच वेळ समोरच्या भिंतीवरचं घड्याळ बघत बसलो.

"सोमवारी पडला ना बर्फ," तो म्हणाला.

"पडला."

"अंगण?"

"मी केलं."

"झुडूप?"

"दोन फांद्या गेल्या."

"वाटलंच होतं मला," पाउली म्हणाला. मग थोड्या वेळाने, "पुऱ्यांत मीठ कमी होतं."

३ एप्रिल, गुरुवार

पाउलीला विचारून व्हिडिओ होता तसाच पाठवला होता, न कापता. नियमच तसा. पहिली एकवीस मिनिटं तपासणी, मग फोन, मग दार आपटल्याचा आवाज, मग अडीच तास रिकामं स्वयंपाकघर.

हेन्नाने आज वर्गानंतर मला थांबवून घेतलं. बाकीचे चौकोन विझले, तिचा राहिला.

"मी शेवटपर्यंत पाहिला," ती म्हणाली. "खिडकीतून सौनाचा धूर दिसतो. हळूहळू थांबतो." मग म्हणाली, "तो बरा आहे?"

"आहे. घरी आलाय."

"गुण देता येत नाहीत, कोस्ती. पोट नाही, पाय नाहीत, निष्कर्ष अर्धा, पुढील कृती नाही. उरलेलं एकतीस मेपर्यंत दे. शक्यतो त्याच माणसावर. आणि केस चार अजून यायची आहे."

"माहीत आहे."

"फोनवर तू जे बोललास ते स्वच्छ ऐकू येतं. तेवढा भाग वर्गाला ऐकवू का? शिकण्यासारखं आहे."

मी नको म्हणालो. फोनच्या आधी मी पाउलीला जे म्हणालो तेही त्यात ऐकू येतं.

तिने मान हलवली. तिलाही ऐकू आलंच असणार.

१० एप्रिल, गुरुवार

केस चार लिहिली. या वेळी अर्धा तास लागला.

१७ एप्रिल, पवित्र गुरुवार

पाउली दुपारी आला. ट्रॅक्टर चालवायला अजून मनाई आहे म्हणून बर्फ वितळलेल्या रस्त्याने चालत आला, आणि तीन किलोमीटरला किती वेळ लागला ते घड्याळात बघून मला सांगितलं, जणू मीच विचारलं होतं.

"पाय राहिले होते ना?" म्हणाला, आणि स्टुलावर बसून मोजे काढले.

मी लॅपटॉप सुरू केला. पोट आधी, मग पाय. जमिनीवर गुडघे टेकून बसलो, त्याचा उजवा पाय मांडीवर घेतला. टाच भेगाळलेली, अंगठ्याचं नख जंगलातल्या कुठल्यातरी ओंडक्याखाली काळं पडलेलं. घोट्याजवळ अंगठा दाबला आणि मोजलं. खड्डा उथळ, पटकन भरून आला. दुसरा पाय. तोही तसाच. नाडी चौऱ्याहत्तर, अधूनमधून चुकते, पण घाई नाही.

"गुदगुल्या होताहेत," पाउली म्हणाला.

"हे व्हिडिओत जाणार."

"जाऊ दे. शहरातल्या पोरीला कळू दे."

मग त्याला कॉफी दिली. उपवासाची, दुधाशिवाय. त्याने चिठ्ठ्यांचा विषय काढला नाही, मीही काढला नाही. संध्याकाळच्या उपासनेला बरोबर गेलो. शुभवर्तमानांतले बारा उतारे वाचतात, फार वेळ चालते. तो बाकावर बसला. मी उजव्या भिंतीकडे गेलो, तिथे जरा उभा राहिलो, आणि मग येऊन बाकाच्या टोकाशी उभा राहिलो.

आत्ता घरी येऊन तक्ता भरला. आढळलं ते लिहिलं. निष्कर्ष लिहिला: औषधांनी सुधारणा, पायांची सूज कमी, नाडी अजून अनियमित, नजर ठेवायला हवी. शेवटचा रकाना उरला, पुढील कृती. पेन हातात घेऊन बसलो होतो आणि हात आपल्या सवयीने निघालाही होता. त्याला थांबवलं.

लिहिलं: उद्या सकाळी मी स्वतः जाऊन पुन्हा बघीन.